खाणीची लाइन

भिंतीवर मी हातोडीने टकटक करत होते. मागून अक्का म्हणाल्या, "ताई, पडी जाई का हाई?"

"नाही पडणार. आत ओल कोंडली आहे."

धुळ्याजवळच्या बंद पडलेल्या दगडखाणीची ही कामगार वस्ती. सगळे तिला 'लाइन' म्हणतात. काळ्या दगडाची एकाला एक लागून घरं, पुढे सलग ओटा. नगरपालिकेला ती पाडायची होती आणि त्याआधी रिपोर्ट हवा होता. जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम, म्हणून मला बोलावलं.

मूळ बांधकाम चुन्यातलं. चुना ओल बाहेर सोडतो. नंतर कुणीतरी वरून सिमेंट थापलं आणि ओल आतच राहिली. सिमेंट काढून दगडांच्या सांध्यांत पुन्हा चुना भरायचा, याला आम्ही दर्जा भरणं म्हणतो. तेवढ्याने घरं उभी राहणार होती.

खरी अडचण संडासाची होती. तो खाणीच्या पलीकडे, सगळ्यांना मिळून एक. त्याला कंटाळून एकेक कुटुंब गावातल्या फ्लॅटमध्ये गेलं. उरलं एकच जोडपं, नाना आणि अक्का. नाना खाणीत सुरुंग लावायचे.

"मी आठेच ऱ्हासू," नाना म्हणाले.

"ऱ्हा तुम्ही. मना गुडघा ऐकत नही," अक्का म्हणाल्या.

मी नगरपालिकेत गेले. "सर, पाडू नका. नानांच्या घराचं सॅम्पल करून दाखवते. मागे संडास-बाथरूम बांधू."

"मॅडम, लोक तर गेले."

"सोय झाली तर परत येतील."

साहेबांनी परवानगी दिली. सिमेंट निघालं तसे छिन्नीचे घाव दिसू लागले. नाना त्यांवरून हात फिरवत राहिले. कुठल्या दारात कोण राहायचं, खाणीतली पाळी सुटल्यावर ओट्यावर कोण कुठे बसायचं, ते कुणी न विचारता सांगत होते. त्या दिवसांत मीही संध्याकाळी लवकर निघत नसे.

सॅम्पल पास झालं. लाइन पाडायचं रद्द झालं.

काही महिन्यांनी गेले, तर नानांच्या दाराला कुलूप. दोघं फ्लॅटमध्ये सापडली. अक्का जिन्यात जुन्या शेजारणींबरोबर शेंगा सोलत होत्या.

"संडास भारी व्हता, ताई," त्या म्हणाल्या. "पन सांजले वट्टावर मी नि ह्या, दोन्हीच. बठ्ठा आठे." ओट्यावर त्या नि नाना दोघंच, बाकी सगळे इथे.

नाना आत खिडकीशी बसले होते. तिथून खाण दिसत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "चुना धरना का, ताई?"

"धरला, नाना."

लाइन आजही उभी आहे आणि रिकामी आहे. जुनी वस्ती राखायची तर लोक असतानाच संडास बांधावा, दर्जा नंतर भरावा. कामाला उशीर झाला तर दगड थांबतात, शेजारी थांबत नाहीत.