काचेला चिकटलेला फोटो

पेणच्या बाजारात माझ्या सासऱ्यांचं फोटो फ्रेम करायचं छोटं दुकान होतं. त्यांचा हात थरथरायला लागला तसं त्यांनी ते बंद केलं, आणि काच कापायची हिऱ्याची कलम, बारीक करवत, चुकांचे म्हणजे बारीक खिळ्यांचे डबे, पट्ट्यांचे उरलेसुरले तुकडे असं सगळं खोक्यात भरून आमच्याकडे आणून ठेवलं. त्यांना मुलगा नव्हता, जावई होता. काम मी त्यांच्याजवळ बसून शिकलो होतो, पण ते हौसेपुरतं. पोटापाण्याला मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होतो. पहाटे साडेपाचला कंपनीची बस नाक्यावर यायची. दुपारी साडेचारला घरी परत यायचो तेव्हा डोळ्यांत गॅसची चुरचुर असे, आणि ओटीवर कुणीतरी फोटो घेऊन बसलेलं असे. नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्या मागच्या आळीत दोन म्हाताऱ्या बहिणी राहायच्या. आमच्या भागातल्या ज्यू घरांपैकी बहुतेक इस्राएलला गेली होती. ह्या दोघी राहिल्या होत्या. थोरली विधवा, तिला सगळे मावशी म्हणत. धाकटीने लग्न केलं नव्हतं. ती शाळेत शिकवायची आणि निवृत्त झाली होती. माझी बायको तिच्या हाताखाली शिकलेली, म्हणून आमच्या घरात तिला बाई म्हणत. मावशींचा मुलगा तिकडे स्थायिक झाला होता आणि आईला बोलावत होता. दोन-तीन वर्षं टाळून शेवटी त्या जायला तयार झाल्या. बाई मात्र जाणार नव्हत्या. मला ह्या वयात नवी भाषा शिकवायची नाही आणि शिकायचीही नाही, असं त्यांनी भाच्याला कळवून टाकलं होतं.

त्यांच्या घरी भिंतीवर नऊ फोटो होते. त्यांतला एक त्यांच्या आईचा. नऊवारी नेसलेली, हात मांडीवर ठेवून खुर्चीत ताठ बसलेली बाई. दोघी लहान असताना ती वारली होती आणि तिचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. फोटो कुणी घ्यायचे, यावर बहिणींचं आठवडाभर चाललं होतं म्हणे. मावशी म्हणत, भिंत इथं आहे तर फोटो इथंच राहू देत. बाई म्हणत, तू परक्या मुलखात चाललीस, तुला लागतील. अखेर असं ठरलं की मूळ फोटो मावशींनी न्यायचे आणि त्यांच्या नकला काढून, फ्रेम करून पेणला लावायच्या. ते काम माझ्याकडे आलं.

रोह्याला स्टेशनजवळ एकाने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. त्याच्याकडे स्कॅनर होता आणि इंकजेट प्रिंटर. मी एकेक फ्रेम उघडून फोटो सोडवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि डब्याच्या पिशवीतून बसने नेले. आठ फोटो नीट सुटले. आईचा सुटला नाही. कित्येक पावसाळ्यांची ओल खाऊन तो काचेला घट्ट चिकटला होता. तो काचेसकट नेला आणि काचेसकटच स्कॅनरवर पालथा घातला. क्लासवाल्याने बुरशीचे दोन डाग पुसले, आणि मग प्रिंटरचं ते डोकं इकडून तिकडे करकरत एकेक ओळ काढायला लागलं. एका फोटोला दहा मिनिटं. मी बाकावर भिंतीला टेकून झोपून जायचो. उठवून तो कागद हातात ठेवायचा आणि दरवेळी सांगायचा, याला पाणी लावू नका.

मी पाणी लावलं. सासऱ्यांची पद्धत मैद्याची खळ करून फोटो पुठ्ठ्यावर चिकटवायची, आणि हाताला तीच सवय. पहिलाच प्रिंट, मावशींच्या नवऱ्याचा, खळीने ओला झाला आणि त्याच्या काळ्या कोटातून जांभळा रंग कडेने पसरत गेला. पुन्हा रोहा, पुन्हा बाक. मग रीत बदलली. प्रिंट फक्त वरच्या कडेला कागदाच्या दोन पट्ट्यांनी अडकवायचा, वर खिडकी कापलेला पांढरा पुठ्ठा ठेवायचा म्हणजे काच कागदाला लागत नाही, मागून हार्डबोर्ड आणि चुका. रोज एखादी फ्रेम व्हायची. बायको म्हणायची, जेवण झाल्यावर तरी ते ठोकणं बंद करा. मी बंद करायचो आणि तिथेच चटईवर आडवा व्हायचो.

फोटो नेण्याआधीच्या आठवड्यात कंपनीत दोघे रजेवर गेले आणि मला लागोपाठ दोन शिफ्ट कराव्या लागल्या. गुरुवारी दुपारी घरी आलो तेव्हा नऊही फ्रेम तयार होत्या. मूळ फोटो एका पाकिटात घालून द्यायचे, एवढंच काम उरलं होतं. आईचा फोटो काचेसकट समोर होता. काचेचा एक कोपरा तडकला होता. विमानात ती फुटेल, असं माझ्या मनात आलं. सोडवून दिला तर बरं, असंही आलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मग का हात घातला, ते मी आजवर स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे, आणि उत्तर एवढंच आहे की मी दमलो होतो आणि दमलेल्या माणसाला हातातलं काम संपवून टाकायचं असतं.

मागून ओला कापूस फिरवला, थोडा वेळ थांबलो आणि पातळ पातं आत सरकवलं. पदर सुटला. हात सुटले. खुर्ची सुटली. मग कागद माझ्या हातात आला, आणि चेहऱ्याच्या जागी खरखरीत पांढरा कागद होता. चेहरा काचेवर राहिला होता. मी बोट लावलं तर त्याचा चिखल झाला.

बायकोने पाहिलं. मग म्हणाली, उद्या रजा टाका, जाऊन सांगा. मी रजा टाकली नाही. शुक्रवारची पहिली शिफ्ट करून, हातपाय धुऊन गेलो. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुरू व्हायचा, मग ती वेळ त्यांची असे, म्हणून दिवसाउजेडीच पोचलो. मावशी मेणबत्त्यांच्या बैठकी पुशीत होत्या. मी पाकीट समोर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

मावशींनी तो कागद घेतला, उजेडाकडे धरला. मांडीवरच्या हातांवरून अंगठा फिरवला. चेहऱ्याच्या जागेला त्यांनी हात लावला नाही.

"तुझ्याकडं तो कॉम्प्युटरचा हाय ना, त्याचा अजून एक निघंल?" त्यांनी विचारलं.

निघेल, मी म्हटलं.

"मग मला तोच दे. आता भांडायला नको गो," त्या बहिणीकडे वळून म्हणाल्या. "दोघींना सारखीच आई."

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "हिला जायचंय, म्हणून ही सोडून देते," त्या म्हणाल्या. "तुला तो काढायला कुणी सांगितलं होतं?"

कुणी नाही, मी म्हटलं. त्यांनी मान वळवली. शाळेत मुलाला जागेवर बसायला सांगण्याऐवजी त्या तसंच करत, असं बायकोने मला नंतर सांगितलं.

दुसरा प्रिंट मी रोह्याहून आणला, हलकी फ्रेम केली आणि काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिक लावलं. मावशी गेल्या त्या दिवशी मी कामावर होतो. हायवेपर्यंत आळीतले काहीजण जीपबरोबर गेले होते. बाई दारातूनच परत फिरल्या, असं कळलं.

त्यानंतर बाई रस्त्यात भेटल्या तर बायकोशी बोलत, माझ्याशी नाही. त्यांचं चूक नव्हतं. मी नवीन कामं घेणं बंद केलं. कुणी आलं तर डोळे अधू झालेत म्हणून सांगायचो. ते खोटं होतं, पण बरं वाटायचं.

वर्ष झालं नसेल, बाईंनी निरोप पाठवला की येऊन जा. शिफ्ट करून तसाच गेलो. भिंतीवरच्या आठ फ्रेम बऱ्या होत्या. आईची खिडकीसमोर होती, रोजचं ऊन तिच्यावर पडे. तिचा काळेपणा उडून गेला होता, चेहरा हिरवट झाला होता, डोळे तेवढे जरा ओळखू येत होते. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"काल तिचा फोन आला होता," बाई म्हणाल्या. "तिच्याकडची पण अशीच झालीय. तिकडे ऊन जास्त, म्हणे."

क्लासवाला आता अलिबागला गेला होता. त्याच्याकडे ती फाइल राहिली असेल का, ते मी शोधीन, असं सांगितलं. बाईंनी मान हलवली. हो म्हणाल्या की नको, ते मला कळलं नाही. त्यांनी स्टुलावर चढून फ्रेम काढायला सांगितली, ती आतल्या काळोख्या खोलीत कपाटाशेजारी लावायला सांगितली, आणि मी खिळा ठोकत असताना चहा टाकला.

चहा घेऊन मी खुर्चीत बसलो. एवढं आठवतं. जाग आली तेव्हा कप कुणीतरी हातातून काढून घेतला होता आणि बाहेर अंधारत आलं होतं. बाई समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी गडबडून उठलो. त्या म्हणाल्या, बायकोला निरोप दिलाय, तो झोपलाय म्हणून. मग ताट बाजूला ठेवून चप्पल कुठे काढली होती ते दाखवलं, आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

फाइल मिळाली नाही. त्यांना तसं सांगायला मी पुढच्या रविवारी गेलो, आणि त्यानंतरही अधूनमधून जात राहिलो.