रुळावर हसलेली मावशी

अन्याय झाला तो दावीवाल्या मावशीवर. कधी, तर गेल्या वर्षी पोळ्याआधीच्या शनिवारी, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, काष्टीच्या बाजाराला जाणारी पॅसेंजर आमच्या स्टेशनात शिरत असताना. पत्रकाच्या पहिल्या ओळीत एवढं यावं लागतं, म्हणून आधी लिहिलं. पत्रकात न बसणारं पुढे आहे. ते लिहायचा आता कंटाळा आलाय, तरी लिहिते.

आमचं स्टेशन म्हणजे एक खोली, एक कडुनिंब आणि एक कोरडा नळ. गाव रुळांच्या एका बाजूला, फलाट दुसऱ्या. पूर्वी फाटक होतं. रूळ वाढले तसं फाटक बंद केलं आणि खालून भुयारी रस्ता दिला. पावसाळ्यात त्यात गुडघ्याच्या वर पाणी साचतं आणि दिवाळीपर्यंत हिरवं होऊन राहतं. वरून पूल नाही. मग माणसं रूळ ओलांडतात. मधल्या रुळावर मालगाडी उभी असली, आणि ती असतेच, तर दोन डब्यांच्या मधून वाकून पलीकडे जातात.

कॉलेजात असताना मी इथे नुसते गाड्यांचे फोटो काढायला यायचे. वळणावर उसाच्या फडामागून आधी इंजिनाचा दिवा दिसायचा, मग सगळी गाडी. चांगले यायचे फोटो. पुढे पुलासाठी समिती झाली, मी तिच्यात गेले आणि फोटोंचा पुरावा झाला. तेव्हापासून मी गाडी अशी बघितलेलीच नाही. गाडीपुढची माणसं बघते.

निवेदनं किती दिली ते विचारू नका. प्रत्येकाची पोच आहे, शिक्क्यासकट. समितीत एक शिकवण पक्की होती: निवेदनाला फोटो जोडायचा आणि फोटोत चेहरा ओळखू आला पाहिजे. बिनचेहऱ्याचा फोटो नेला की साहेब विचारतात, हा इथलाच कशावरून? आम्ही पत्रकांवर वाढलेली पोरं. चेहरा छापला की समोरच्याला लाज वाटते, असं आम्हाला वाटायचं.

मावशी घरी बसून बैलांच्या दोऱ्या वळते: दावी, कासरे, म्होरक्या. वर्षभर वळायचं आणि पोळ्याआधीच्या बाजारात विकायचं. पोळ्याला बैलाच्या गळ्यात जुनं दावं कुणी ठेवत नाही, आणि पोळा झाला की नव्याकडे कुणी बघत नाही. म्हणजे तिचा बाजार खरं तर एकच.

गेल्या वर्षीच्या त्या शनिवाराआधी दोनेक आठवडे, अशाच एका सकाळी, मालगाडी उभी होती. मावशीनं विकत आणलेल्या सुताचं ओझं आधी पलीकडे ढकललं आणि मग डब्यांमधून स्वतः बाहेर आली. समोर मी, कॅमेरा घेऊन.

“फोटू काढतीस व्हय?”

“काढू का मावशी? पुलासाठी पाहिजे.”

“काढ की. पन थांब, पदर नीट घिऊ दे. गावात माझ्यावानी हिरॉईन दुसरी न्हाई.”

रुळावरच थांबून तिनं पदर सारखा केला आणि हसली. मी तीन फोटो काढले. पत्रकासाठी हसरा निवडला, कारण त्यात चेहरा स्वच्छ होता.

पत्रक गावभर गेलं, मग फोनाफोनांतून तालुकाभर. पुलाचं काही झालं नाही. पण त्या शनिवारी फलाटावर रेल्वे पोलिसांचे एक साहेब उभे होते, हातात आमच्याच पत्रकाची घडी. त्या सकाळी निम्म्या गावानं रूळ ओलांडला. साहेबांनी घडी उघडली, एकेक चेहरा ताडून बघितला आणि मावशीला तेवढी बाजूला घेतली.

“ही तूच ना?”

“मीच की. पुलासाठी काढलाय त्यो.”

“रुळावर उभी राहून हसतीय बघा. गंमत वाटती का?”

मी मध्ये पडले. म्हटलं, फोटो माझा आहे, मला धरा.

“तुम्ही फोटोत नाही, मॅडम,” ते म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. वरून सांगितलं होतं, कारवाई दाखवा. दाखवायला लागतं ते आम्ही छापून दिलं होतं. पॅसेंजर आली आणि गेली. मावशीला दुपारी चारपर्यंत खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं, कसल्याशा कागदावर अंगठा घेतला आणि सोडलं. दाव्यांचं ओझं दिवसभर तिच्या पायाशी होतं. तोवर काष्टीचा बाजार उठला होता.

घरी जाताना ती रुळाकडे वळलीच नाही. भुयारी रस्त्यात उतरली. मी ओझं डोक्यावर घेतलं, तरी खालचे कासरे भिजले.

“मावशी, चुकलं माझं.”

ती पाण्यात पाय चाचपत चालली होती. “तुजं काय न्हाई गं. मी हसाया नको हुतं.”

त्यानंतर ओरडून झालं, निवेदन देऊन झालं, दमून झालं.

गेल्या वर्षीची दावी तिच्या भिंतीला टांगलेली आहेत, शेजारी यंदाची. परवा विचारलं तर म्हणाली, “मी न्हाई येत गाडीला. लोक वळखत्यात आता.”

येत्या शनिवारी पुन्हा पोळ्याआधीचा बाजार आहे. तो फोटो तुमच्याही मोबाईलमध्ये असेल. तुम्हीच हात जोडल्याचं चित्र लावून पुढे पाठवला होता. आधी तो पुसा. मग शनिवारी साडेसातला भुयारी रस्त्याच्या तोंडाशी या. मावशीला घरून आणायचं माझ्याकडे लागलं. एकेक कासरा खांद्यावर घ्या आणि तिच्याबरोबर त्या पाण्यातून फलाटापर्यंत चला. फोटो मी काढणार आहे, तुमचा. चेहरा लपवू नका.