कलम अकरा नव्हे, बारा

आमची बालवाडी घाटकोपरच्या डोंगरावर, एका खोलीत. घरकाम करणाऱ्या बायका सकाळी पोरं माझ्याकडे सोडतात आणि कामाला पळतात. मैदान वगैरे काही नाही. चेंडू सुटला की थेट खाली रिक्षा स्टँडवर.

तर बालवाड्यांसाठी कायदा येतोय, असं कळलं. सुनेने मोबाईलवरून मसुदा काढून आणला. हरकती कळवा म्हणे. आता मी शाळेत कधी गेले नाही, वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून. असलं जाडजूड एकटीने वाचायचं म्हणजे डोकं उठतं. म्हणून हळदीकुंकवाची कामं वाटून घेतो ना, तशी मी आणि पोरांच्या आयांनी कलमं वाटून घेतली. जिचं जे कलम, ते तिने घरी समजून घ्यायचं आणि जमलो की सगळ्यांना सांगायचं. दंडाचं कलम जिच्याकडे, तिला सगळ्या 'दंडवाली' म्हणायला लागल्या.

पहिल्याच पानावर उद्देश दिला होता: जागा नसलेल्या लहान बालवाड्यांना मैदानाच्या अटीतून सूट. आणि सवलतीचं कलम नेमकं माझ्याकडे. त्यात लिहिलेलं, लहान बालवाड्यांना कलम अकरा लागू नाही. मी खूश. म्हटलं, "सुटलो गं, मैदान नको!"

"मैदान कुठलं?" अकरावाली म्हणाली. "माझ्याकडे तर फीच्या पावतीचं आहे."

"मैदान माझ्याकडे," बारावाली म्हणाली. "सक्तीचं. नसेल तर बालवाडी बंद."

मध्येच कुठेतरी कुणी नवं कलम घुसवलं होतं. पुढचे आकडे सरकले, सवलतीतला आकडा तिथेच बसून राहिला. म्हणजे आम्ही पावती दिली नाही तरी चालेल, पण डोंगर सपाट करून मैदान पाहिजे! आधी पोट दुखेपर्यंत हसलो. मग कुणीतरी म्हणालं, "बंद झाली तर पोरांना कुठे ठेवू गं?" आणि आम्ही हरकत लिहायला बसलो.

हरकती ऐकायला खात्याने बोलावलं. गेलो पाच-सहाजणी. साहेब भला माणूस, पाणी दिलं, पानं उलटून बघितली.

"चूक आहे, आजी, मान्य. पण किरकोळ आहे. कायदा होऊन जाऊ दे, मग शुद्धिपत्रक काढू."

"मग म्हणजे कधी?"

"निघेल हो."

"आणि तोवर तपासायला माणूस आला तर काय वाचेल? तुमच्या मनातलं की कागदावरचं?"

"एवढा अविश्वास बरा नाही."

"अविश्वास कसला, साहेब. पण तुमची बदली होते, माझी होत नाही."

दंडवाली मागून म्हणाली, "आणि दंड काय तुमच्या खिशातून भरणार?" साहेब हसले. मी नाही हसले.

"आजी, मसुदा वर गेलाय. आता माझ्या हातात नाही."

"वर गेलाय, पास नाही झाला ना? ज्यांच्या हातात आहे त्यांना फोन लावा. आम्ही बसतो."

खुर्च्या कमी होत्या, जमिनीवरच बसलो. शिपाई म्हणाला, मावशी, जेवणाची सुट्टी झाली. म्हटलं, बरं झालं, आम्हीही डबे आणलेत. साहेबांनी आमच्याकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं आणि फोन उचलला.

विधेयक सभागृहात गेलं तेव्हा सवलतीत बारा होतं. लोक म्हणतात, एका आकड्यासाठी एवढा तमाशा केलात. केला! पुन्हा करीन.

परवा नव्या कायद्याखाली तपासणीला एक तरुण मुलगी आली. खोली बघितली, पोरं मोजली आणि पेन उघडून विचारलं, "मैदान कुठे आहे?"

पूर्वी असं कुणी विचारलं की मी पदर सावरत बसायचे, चहा पुढे करायचे. या वेळी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही. लिहा, मैदान नाही."

तिने लिहिलं. पोरांचं गाणं चालूच होतं.