शमुवेलमामांची मुक्कामी गाडी

रस्त्यावर कुणी हात दाखवला की शमुवेलमामा थांबत. बाप्या असो, बाई असो, वाऱ्याने हललेली फांदी असो. एकदा तर शेताच्या कडेला उभ्या बुजगावण्यासमोर त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि "चढायचं का न्हाई, लवकर सांगा," म्हणत ताटकळत राहिले, हे मी शपथेवर सांगतो. शपथ लहानशी आहे, पण आहे.

श्रीरामपुरात आमच्या शेजारी त्यांचं घर. उभा जन्म एस.टी.त ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर लोक रविवारी चर्चला जातात आणि उरलेला आठवडा झोपतात. मामांनी भंगारातून शाळेची जुनी बस आणून तिच्यात घर थाटलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना रूथमामींच्या साड्यांचे पडदे आणि आरशाखाली लाकडी क्रूस. एस.टी.ची जी गाडी रात्रीची खेड्यातच राहते तिला मुक्कामी गाडी म्हणतात; मामांनी तेच नाव ठेवलं. तिचा हॉर्न राहात्यात वाजला तर पारनेरची म्हैस पान्हा चोरायची.

त्या वर्षी मामींचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरलं. त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. अकोले तालुक्यात नोकरीला असताना मामांनी भंडारदऱ्याजवळच्या रंधा धबधब्याशेजारून वर्षानुवर्षं बस नेली होती, पण बायकोला तो एकदाही दाखवला नव्हता.

"नवे गुडघे देवाच्या मर्जीवर हायेत," मामी म्हणाल्या. "जुन्यांवर माझा भरवसा हाय. धबधब्याच्या पायऱ्या मी यांच्यावरच उतरनार."

म्हणून पाऊस ओसरल्यावर आम्ही भंडारदऱ्याला निघालो. मुक्कामी गाडी धरणाजवळच्या शेंडी गावात झाडाखाली लावली. ते धूड पुढच्या अरुंद वळणांना नको, म्हणून मागून मी माझी छोटी कार आणली होती. फिरायला हातात एकच दिवस. दुसऱ्या दुपारी परत निघायचं, कारण त्यापुढे दवाखाना.

सकाळी मामा माझ्या कारच्या स्टिअरिंगला बसले. शेजारी मामी. त्यांनी काचेवर टक-टक अशी डबल बेल दिल्याशिवाय मामा गाडी हलवत नसत. जलाशयाच्या कडेने, भाताच्या खाचरांमधून आम्ही इतक्या निवांत चाललो, की एक गोगलगाय आम्हाला ओव्हरटेक करून गेली. तिने हात दाखवला नाही, हे नशीब. रतनवाडीचं देऊळ पाहिलं, ओट्यावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. "काय हात असतील गं बाई कोरनाऱ्याचे!" म्हणत मामी त्या दगडावरून बोटं फिरवत राहिल्या.

"चला आता, माझा धबधबा," त्या उठत म्हणाल्या.

गावाबाहेर दोन आज्या कोंबड्या घेऊन उभ्या होत्या. हात वर गेला. ब्रेक लागला.

"राजूरच्या बाजाराला चाललो, दादा."

"चढा, मावशी. आतमदी सरका."

वाटेत धबधब्याचा आवाज आला. मामी ओरडल्या, "अहो, धबधबा!"

"आधी प्यासिंजर, मंग धबधबा," मामा म्हणाले, आणि धबधबा मागे पडला.

राजुरात कार वळवतो तोच बाजार आटोपलेली मंडळी समोर. माझ्या कारमध्ये पाच माणसं बसतात असं ती बनवणाऱ्यांचं मत आहे. मामांनी अकरा बसवली, शिवाय कांद्याचं पोतं. मी कुणाच्या मांडीवर होतो ते मला अजून कळलेलं नाही. शेंडीला जाताना धबधबा दुसऱ्यांदा मागे पडला. या वेळी मामींनी नुसती काच वर केली.

सगळ्यांना उतरवून परत धबधब्याशी आलो तोवर अंधारलं होतं. कठड्यापलीकडे नुसता गडगडाट आणि पांढरट काहीतरी.

"दिसत न्हाई काई," मामी म्हणाल्या.

मामांनी कठडा धरून खाली वाकून पाहिलं. मग हळू म्हणाले, "मी बी कधी बघितला न्हाई, रूथ. इथं वळन हाय. डोळे रस्त्यावर. आवाज आला की गियर बदलायचा, येवढीच माझी न् त्याची वळख."

"मंग दोघं सारखेच की. चला, थंडी वाजती."

सकाळी मामांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव." स्वतः मागे बसले आणि डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला.

"मामा, ऊन कुठंय?"

"दिसलं तर थांबावं लागंल," टॉवेल म्हणाला.

अर्ध्या वाटेवर छत्रीवाला एक म्हातारा उभा होता. त्याने हात केला. माझा पाय ब्रेककडे गेला. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी कार पुढे काढली.

"कुनी हात केला का?" मागून आवाज आला.

"कुनी न्हाई," मामी म्हणाल्या. खोटं बोललं की त्यांना रविवारपर्यंत अन्न गोड लागत नसे.

मी आरशात पाहिलं. मामांनी टॉवेल आणखी घट्ट ओढून धरला होता.

धबधब्याच्या पायऱ्या उतरायला दोघांना एवढा वेळ लागला, की तेवढ्यात मी दोन धरणं बांधली असती. एकेक पायरी, मामींचा दंड मामांच्या हातात. खाली पोचल्यावर दोघांनी मान वर केली. तुषारांनी मामांची मिशी भिजली.

"येवढं पानी!" मामी म्हणाल्या. "अन् तुमी नुसता गियर बदलायचे?"

मामा हसले. दुपारी निघायचंय, ही आठवण मी दोनदा करून दिली. दोघांनाही ऐकू गेलं नाही.

गुडघे झकास बसले. पुढच्या उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले. दफनाला अख्खा जिल्हा लोटला होता, आणि या वेळी मी वाढवून सांगत नाही. जो येईल तो मामींना सांगे, मामा अमक्या ठिकाणी आमच्यासाठी थांबले होते. मामींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाल्या, "समद्यांसाठी थांबला माझा मानूस. एकदाच टॉवेल ओढून बसला, थांबला न्हाई, ते माझ्यासाठी."