सोळा जीबीत न मावलेला खोंड

आमच्या घरात पेन ड्राइव्ह फॉरमॅट करता येणारी मी एकटीच आहे, आणि आता मला ते कोणी करू देत नाही.

मी बिदरच्या कॉलेजातून बीएस्सी केलं, कम्प्युटर सायन्स घेऊन. घरात पदवी मिळवणारी पहिली मीच. हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवायचं काम माझे वडील, अप्पा करतात. ठाणाकुशनूरच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरलासुद्धा माझे टक्के सांगितलेले आहेत. (कंडक्टरने फक्त "कुठं उतरणार?" एवढंच विचारलं होतं.)

अप्पांचा दुसरा अभिमान म्हणजे सरदार. हा आमचा देवणी जातीचा खोंड. अंग पांढरंशुभ्र, आणि डाव्या डोळ्याभोवती काजळ पसरल्यासारखा काळा डाग. आमच्याकडे यात्रेत जनावरांचं प्रदर्शन भरतं. त्यात 'घरची पैदास' हा मानाचा गट. जनावर स्वतःच्या गोठ्यात जन्मलेलं असेल तरच त्यात उभं करता येतं. गेल्या वर्षी शेजारच्या शिवराजकाकांनी भर मंडपात शंका काढली, "ह्यो खोंड घरचा कशाचा? उदगीरच्या बाजारातून आणलाय." अप्पा तावातावाने जन्माचा फोटो दाखवायला गेले तर फोन अडकून बसला. त्यात सरदारचे दोन हजार फोटो होते, फोन तरी काय करणार? फोटो उघडेपर्यंत सरदारला साध्या गटात नेऊन बांधलं होतं. त्यानंतर चार दिवस अप्पा शिवराजकाकांच्या दारावरून न जाता रानातून वळसा घालून जायचे.

यंदा यात्रेच्या मंडळाने नियमच केला: गाय आणि वासराचा जन्मावेळचा फोटो पेन ड्राइव्हवर आणावा, मंडपात मोठ्या टीव्हीवर दाखवू. म्हणजे एक फोटो पुरे होता. पण अप्पा म्हणाले, "सगळे ने. लोकांना कळू दे सरदार कसा वाढला ते." आणि मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही निवांत बसा. हे माझं काम आहे."

नवा सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह आणला. दुपारी लॅपटॉपला लावला. अप्पा चष्मा लावून शेजारी बसले.

"किती दाखवायलंय?"

"चौदा पॉइंट नऊ."

"सोळा म्हणून आणलं न्हवं?"

"व्हय."

"मंग माप मारलंय. चल, परत करून येऊ."

"थांबा अप्पा. फॉरमॅट केलं की येईल."

खरं सांगायचं तर फॉरमॅट केल्याने उरलेलं एक जीबी परत येतं असं मला कोणत्याही सरांनी शिकवलेलं नव्हतं. पण आवाजात जोर असला की माणसाला स्वतःचंच बोलणं पटतं. मी फॉरमॅट केलं. चौदा पॉइंट नऊ. मग सावकाशीचं, पूर्ण फॉरमॅट केलं. तेवढ्या वेळात आईच्या बारा भाकरी थापून झाल्या. चौदा पॉइंट नऊ.

"भाकरी तरी वाढल्या," आई चुलीपासून म्हणाली.

तिसऱ्या वेळी मी खोलात शिरले. इथे काय केलं ते नीट सांगते, कारण मला स्वतःला ते प्रदर्शन उरकल्यावर कळलं. फॉरमॅट करताना कम्प्युटर विचारतो, आतल्या जागेचे खण केवढे पाडू? एका खणात दोन फायली राहत नाहीत. फाईल केवढीही बारकी असो, तिला अख्खा खण मिळतो, आणि उरलेली जागा दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. म्हणून फोटोंसाठी लहान खण पाडायचे असतात. मी यादीतला सगळ्यात मोठा आकडा निवडला. बत्तीस एमबीचा खण! मोठं म्हणजे चांगलं, यात विचार कसला करायचा? अप्पांचा एकेक फोटो तीन एमबीचा. म्हणजे मी एकेका शेळीसाठी एकेक अख्खा गोठा बांधून दिला, तोही दार लावून.

आणि आकडा? चौदा पॉइंट नऊ.

तेव्हा कुठे मला पहिल्या वर्षाचं पुस्तक आठवलं. "अप्पा, बनवणारे हजाराने मोजतात आणि कम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो. म्हणून कमी दिसतंय. फसवलेलं नाही."

अप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे देणाऱ्याची पायली ल्हान आन् घेणाऱ्याची मोठी."

"तसंच."

"हे शिकायला तीन वर्षं लागली व्हय? मला आडतीत एका दिवसात कळलं होतं."

मी फोटो कॉपीला लावले. बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहिली. मग कम्प्युटरने सांगितलं की जागा संपली.

"सगळे आले का?" अप्पांनी विचारलं.

"काठोकाठ भरलाय, अप्पा." (फोटो यंदा दोन हजार तीनशे झाले होते, त्यातले किती आत गेले ते बघायला हवं होतं. पण भरलेलं पोतं कोण मोजतं?)

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सकाळी टेम्पोत सरदारला चढवताना अप्पा फोन खिशात घालायला लागले आणि मी म्हणाले, "फोन कशाला नेताय? गर्दीत पडेल. सगळं पेन ड्राइव्हमध्ये आहे." अप्पांनी फोन आईकडे दिला. त्यांचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता.

मंडपात परीक्षक म्हणून एक निवृत्त पशुवैद्य होते, सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. शिवराजकाका पुढच्याच खुर्चीवर. टीव्हीवर सरदार आला. सरदार समोरून. सरदार मागून. सरदारचं वशिंड. सरदार पाणी पिताना, सरदार पाणी पिऊन झाल्यावर. कम्प्युटरने नवे फोटो आधी आणि जुने मागून घेतले होते, आणि चारशे एकाहत्तर फोटोंत पेन ड्राइव्हचे सगळे खण संपले होते. मी शेवटचा फोटो उघडला. त्यात सरदार चांगला दोन वर्षांचा होता.

"बाळपणीचा न्हाई का?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"हा खोंड मोठाच जल्मला वाटतं," शिवराजकाका म्हणाले.

मंडप हसला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी दाव्याचा हाताभोवती अजून एक वेढा दिला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, 'आता पुढचं बटण दाब की' अशा भरवशाने. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पुढचे दोन खोंड मांडवात येईपर्यंत थांबतो," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मग नाव खोडावं लागंल."

मी मंडपाबाहेर पळाले आणि आईला फोन लावला. माझी आई चौथी शिकलेली. तिला सगळं सांगायला गेले: फॉरमॅट, चौदा पॉइंट नऊ, चारशे एकाहत्तर फोटो.

"ते ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "तुला कामून घाम फुटलाय? फोटू पायजे न्हवं? कोणचा पाठवू? वासरू वलं असल्याला का गाय चाटायलेला?"

"दोन्ही पाठव!"

"अन् उभं ऱ्हाताना पडल्याला?"

"आई, सगळे पाठव."

"सगळे म्हणू नगं. सगळे म्हणलीस म्हणूनच असं झालंय."

अर्ध्या मिनिटात तीन फोटो माझ्या फोनवर आले. मी धावत जाऊन फोन डॉक्टरसाहेबांच्या हातात दिला. ओलं वासरू, डाव्या डोळ्याभोवती तोच काळा डाग, मागे आमची गाय, तिच्या मागे आमच्या गोठ्याची निळी भिंत, आणि फोटोच्या कोपऱ्यात एक भलामोठा धूसर अंगठा.

डॉक्टरसाहेबांनी आधी फोटोतला डाग पाहिला, मग सरदारचा. मग विचारलं, "अंगठा कुणाचा?"

"मालकिणीचा," अप्पा म्हणाले. "मी त्या दिवशी फोन घरी ठिवून बिदरला गेलतो. तिनंच बाळंतपण केलं, तिनंच फोटू काढला."

"शिवराजअण्णा, तुम्ही बघा."

शिवराजकाकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "अंगठा तर वैनीचाच हाय," ते नाइलाजाने म्हणाले. "बांगडी बी दिसायलीय."

सरदार 'घरची पैदास' गटात उभा राहिला आणि दुसरा आला. पहिला आला तो खोंड खरंच चांगला होता, हे अप्पांनीही कबूल केलं (घरी आल्यावर, दार लावून).

फेटा बांधताना माइकवाल्याने अप्पांना विचारलं, "मालक, खोंडाची एवढी नोंद कुणी ठेवली?"

"बायकोनं."

"वा! घरात आणखी कोण?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान ताठ केली, ओढणी नीट केली. सगळ्या यात्रेला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज भोंग्यातून आला, "एक मुलगी हाय. कम्प्युटर शिकलीय." मग जरा थांबून, माझी बाजू सांभाळून घ्यावी म्हणून त्यांनी जोडलं, "पण पोरगी गुणाची हाय."