गळ, सासूबाई आणि चार रविवार

सासूबाईंच्या हाताचं प्लास्टर शिमग्याच्या आठवड्यात निघालं. गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला माळ्यावरचा गळाचा डबा खाली काढायला लावला.

डावं मनगट माघात मोडलं होतं. डोंबिवली पश्चिमेला आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर खाडी आहे. तिथल्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून त्या घसरल्या. वय चौऱ्याहत्तर, बरोबर कोणी नाही. एका रिक्षावाल्याने उचलून घरी आणलं. नणंद कल्याणहून आली आणि म्हणाली, आता खाडी बंद. नवरा म्हणाला, बघू. त्याच्या ‘बघू’चा अर्थ ‘तू बघ’ असा असतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

मी ठाण्याला नौपाड्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेली माणसं पुन्हा चालायला शिकवणं हा माझा धंदा. त्यामुळे घरात असं ठरलं की मी काय म्हणेन ते शेवटचं. मी सांगितलं, चार रविवार मी बरोबर जाते, बघते, मग बोलते.

“तू काय इन्स्पेक्टर हायेस काय गो?” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“मग गाडी तू चालव. इन्स्पेक्टरला गाडी असते.”

सासूबाईंना मासे विकायचे नसतात आणि घरात मासळीची टंचाईही नाही. त्यांच्या सासरचं मिठागर होतं, नंतर शेती झाली, नंतर तिथे इमारती झाल्या आणि त्यातल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. तरुणपणी त्या मिठाची घमेली उचलायच्या आणि मासे पोटासाठी धरायच्या. आता बसून गळ टाकणं ही त्यांची मजा आहे. ती बंद झाली तर उरतो टीव्ही, आणि टीव्हीवर त्यांना झोप येते. हे सगळं मला माहीत होतं. तरीही पाय अडखळत असतील तर मी नाही म्हणणार होते.

पहिल्या रविवारी टिटवाळ्याला गेलो, काळू नदीवर. उल्हासचा विचार आधी केला होता, पण उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्यावर जलपर्णीचा एवढा थर असतो की गळ टाकायला मोकळं पाणी सापडत नाही. काळूचं पाणी चैत्रात आटतं आणि डोहांमध्ये थांबतं, मासेही तिथेच गोळा होतात. पण ऊन चढलं की सगळे तळाला. म्हणून सहाला पोचायचं आणि आठला आवरायचं. सासूबाईंनी कणकेचा घट्ट गोळा केला, त्यात हळद घातली आणि तासाभरात तळहाताएवढे पाच तिलापी काढले. नव्या इमारतींमधली एक बाई फिरायला आली होती. तिने विचारलं, “आजी, इथे मासे मिळतात?”

“मिलतात. कोनी बोललं नाय तर मिलतात.”

बाई गेली. मी मनात नोंद केली: गळाचा आकडा दोऱ्याला बांधताना डावा हात थरथरतो, उजवा नाही. उठताना दोनदा जमिनीला हात टेकला. चाल बरी. मासे घरी तळले. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला आणि गोड्या पाण्याच्या मासळीला चिखलाची चव असते असं सांगून ताट सरकवलं. मी मूळची साताऱ्याकडची, मला ते चांगले लागले होते.

दुसऱ्या रविवारी ठाण्यातलं एक तळं. तिथे मासळीचा ठेका दिलेला होता. चौकीदाराने डबा पाहिला आणि लगेच आडवा आला. “आजी, गळ चालत नाही इथे. फक्त बोटिंग.”

“मग बोटीतून टाकते.”

चौकीदार हसला, पण हलला नाही. आम्ही तळ्याला एक फेरी मारली, उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. त्या दिवशी त्या न थांबता तळ्याभोवती चालल्या. माझ्या दृष्टीने तो रविवार वाया गेला नाही.

तिसऱ्याला घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत गेलो. तिथे जेट्टी आहे, कठडा आहे, बसायला जागा आहे. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि दोरी आडवी धरतो, म्हणून सकाळच बरी. पण त्या दिवशी अष्टमी होती. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी जेमतेम हलतं, तो भांग. भांगात मासा आळशी असतो. शेजारी तीन-चार पोरं महागाचे रॉड घेऊन आली होती आणि रंगीत प्लास्टिकचे मासे पाण्यात फेकत होती. एकाने सासूबाईंना मोठ्या प्रेमाने तो मासा दाखवला. “आजी, हा इम्पोर्टेड आहे.”

“तू खाशील काय रे प्लास्टिकची भाकर?”

पोरं खूप हसली, मग त्यातल्या एकाने हळूच आमच्याकडून आमिषाला दोन कोलंब्या मागून घेतल्या. सासूबाईंना एक शिंगाळा लागला. त्याचे काटे विषारी असतात. त्यांनी तो चपलेखाली दाबला, काटे मोडले, आकडा काढला. नजर आणि हात दोन्ही ठीक होते. मी जवळजवळ ‘हो’ म्हणून टाकलं होतं.

चौथ्या रविवारी कुठे जायचं हे मी त्यांना ठरवू दिलं. त्या म्हणाल्या, बांधावर.

आमच्याकडच्या खाडीत पायऱ्यांच्या पुढे, तिवरांच्या झाडीमागे जुन्या मिठागराचा मातीचा बांध आहे. जमीन गेल्यापासून तो कोणाचाच नाही. सासूबाई बारा-तेरा वर्षांत तिथे गेल्या नव्हत्या. त्यांना पहिल्या रविवारपासून तिथेच जायचं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

अमावास्या आदल्या दिवशी झाली होती, म्हणजे उधाण. मी फोनवर भरतीची वेळ बघितली. सासूबाईंनी सांगितलं होतं की मुंबईत पाणी भरल्यावर आमच्याकडे भरायला दीड तास जातो, तोही धरला. पूर्ण भरती पावणेदोनच्या सुमारास येत होती. मी ठरवलं, साडेअकराला उठायचं. पाणी किती वाजता येणार ते बघितलं. किती उंच येणार, ते बघितलं नाही.

जाताना बांध एका ठिकाणी खचलेला दिसला. आमच्या स्वयंपाकघराएवढ्या रुंदीची घळ, तळाला वरवर सुकलेला चिखल. सासूबाई थांबल्या. “खांड पडलीय. कोनी माती टाकलेली नाय.” मग उतरून पलीकडे चढल्या, हात न टेकता. मी त्यांचे गुडघे बघत होते, घळ बघत नव्हते.

बांधाच्या टोकाला बसलो. साडेनऊला पाणी चढायला लागलं. त्यांनी स्वतःची दोरी काठीला बांधली आणि मला पण एक दोरी दिली. दहाला एक शिंगाळा, साडेदहाला एक तांब मासा, अकराच्या पुढे सासूबाईंना हातभर लांबीचा जिताडा लागला. तो काढायला आम्हा दोघींना पाच मिनिटं लागली. साडेअकराला त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली.

“चल गो. पानी जोरात हाय.”

“थांबा, माझ्या गळाला काहीतरी लागतंय.”

मी इतक्या वर्षांत स्वतः एकही मासा धरला नव्हता. आमिष कोणीतरी ओढत होतं, सोडत होतं, पुन्हा ओढत होतं. त्यांनी दोनदा हाक मारली. मी दोनदा ‘दोन मिनिटं’ म्हणाले. शेवटी अर्धा पाव वजनाचा तांब आला आणि घड्याळात सव्वाबारा झाले होते.

घळीपाशी पोचलो तर तिच्यातून पाणी वाहत होतं. खाडीकडून आत, मागच्या पडीक जमिनीत. गढूळ आणि वेगात.

“गुडघाभर आहे,” मी म्हणाले. “मी धरते तुम्हाला. चला.”

सासूबाई बांधावर बसल्या. “मी नाय उतरत.”

“आई, आत्ता गेलो तर जाऊ. नंतर वाढेल.”

“वाढू दे. वर किती हाय ते दिसतं, खाली काय हाय ते मना म्हाईत नाय. ही खांड माझी नाय. माझ्या टायमाला हितं बांध होता.”

मी म्हटलं, मी बघून येते. चप्पल घालूनच उतरले. पहिल्याच पावलाला पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, पाणी मांडीला लागलं आणि वेगाने मला बाजूला ढकललं. सासूबाईंनी गळाची काठी पुढे केली. ती धरून मी वर आले. डावी चप्पल चिखलात राहिली.

“झालं इन्स्पेक्शन?” त्या म्हणाल्या.

मी फोन काढला. नवऱ्याला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात कोणाची तरी होडी आली असती. सासूबाईंनी फोनकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

“तू फोन केलास तर पोरगी यायची, पोरगा यायचा. मंग झालं माझं. घरात बसवतील.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण ऊनही खरं होतं. मी अटी सांगितल्या: पाण्याची बाटली एकच आहे, त्यातला मोठा वाटा तुमचा. जरा जरी चक्कर आली तर सांगायचं. आणि बांधावरच्या त्या वाळक्या झुडपापर्यंत पाणी आलं तर मी विचारणार नाही, फोन लावणार. त्या ‘बरं’ म्हणाल्या. नवऱ्याला मी फक्त मेसेज केला: उशीर होईल, जेवून घ्या.

तिवराच्या सावलीत दोघींना पुरेल एवढीच जागा होती. मी ओढणी भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांनी जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि दर थोड्या वेळाने त्याच्यावर पाणी मारत राहिल्या. मधेच म्हणाल्या, की लग्न झालं त्या साली असाच बांध फुटला होता आणि घरातल्या सगळ्या बायकांनी रांगेत उभं राहून चिखल दिला होता. मी विचारलं, भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, सासूची वाटायची, पाण्याची नाय. पाणी झुडपाच्या हातभर अलीकडे थांबलं. पावणेदोनच्या आसपास ते वाहायचं बंद झालं, मग उलटं वाहायला लागलं. पावणेचारला घळीचा तळ दिसला. आणखी अर्धा तास आम्ही चिखल घट्ट व्हायची वाट बघितली. तीही त्यांनीच बघायला लावली. मी एका पायात चप्पल घालून पलीकडे गेले.

संध्याकाळी नणंद आलीच. जिताड्याचं कालवण झालं होतं. तिने सासूबाईंचा लाल झालेला चेहरा बघितला आणि मला विचारलं, “वहिनी, काय ठरलं?”

सासूबाई भात कालवायच्या थांबल्या. त्यांना वाटलं असणार, मी अडकल्याचं लपवीन. मी सगळं सांगितलं: उधाण, घळ, चार तास ऊन, माझी चप्पल.

“आणि तरी तू हो म्हणतेस?” नवऱ्याने विचारलं.

“उठा म्हणाल्या तेव्हा मी उठले नाही. मी उतरणार नाही म्हणाल्या, तरी मी उतरले. त्या उतरल्या नाहीत. पडणारी माणसं मी रोज बघते, ती घाई करतात.”

नणंदेने आणखी भात वाढून घेतला. मी पुढचं सांगितलं. शेवाळलेल्या पायऱ्या बंद. घराजवळच्या खाडीवर नवी जेट्टी झालीय, जिथे कठडा आहे, तिथे एकट्याने जायला हरकत नाही, पण फक्त सकाळी, अकराच्या आत घरी आणि फोन बरोबर. नदीवर माझ्याबरोबर. बांध बंद. त्यांनाही आणि मलाही.

“बांध आमचा होता,” सासूबाई म्हणाल्या.

“होता.”

त्यांनी ताट तसंच ठेवलं आणि खोलीत गेल्या. आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. जेट्टीवर रिकामटेकडी पोरं असतात, कठड्यामुळे गळ नीट पडत नाही, हे त्या नवऱ्याला माझ्या समोर ऐकवत राहिल्या. मी अटी बदलल्या नाहीत.

दुसऱ्या शुक्रवारी सकाळी आठला मी निघायच्या गडबडीत होते. त्या डबा घेऊन दाराशी आल्या.

“सकालची भरती हाय. जेट्टीवर चाललेय. फोन घेतलाय.”

मी त्यांचा फोन हातात घेतला. बंद होता. चार्जिंगला लावला आणि म्हटलं, अर्धा तास थांबा.

“पानी थांबत नाय गो तुझ्या चार्जिंगसाठी,” त्या म्हणाल्या, आणि चपला घालून दाराशी स्टुलावर बसून राहिल्या.