हवेत थांबलेली पोरगी

निता हवेत होती. एक हात खांबाला, दुसरा पुढे ताणलेला, पाय मागे आडवे, आणि बोटांपासून वीतभर अंतरावर समोरच्या संघाची पळणारी पोरगी. निता तशीच राहिली. टीव्हीच्या मधोमध एक गोल चक्री फिरायला लागली आणि चंदाबाई राठोडची लेक काही केल्या खाली येईना.

"आता काय झालं हिला?" चंदाबाई उठून टीव्हीच्या अगदी तोंडाशी गेली. तेवढ्यात शेजारून शिलाची आरोळी आली, "काकी, जिंकलो! फायनलला गेलो!"

चित्र हललं तेव्हा मैदानावर पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. निताचा हात त्या पोरीला लागला कसा, ती पडली कशी, उठली कशी, काहीच दिसलं नाही. बाहेर तांडा नाचत होता आणि आत पोरीची आई रिमोट हातात धरून तोंड फुगवून बसली होती.

डोंगरकडा गावाच्या पलीकडच्या या तांड्यात चंदाबाईची ओळख दोन गोष्टींनी, एक तिची जीभ आणि दुसरी तिची पक्कड. मोटारीचा स्टार्टर, फवारणीचा पंप, शिलाचा मिक्सर, बंद पडलेली कुठलीही वस्तू ती उघडल्याशिवाय सोडत नसे. त्यातली निम्मी चालू व्हायची. उरलेल्या निम्म्यांबद्दल तिचं म्हणणं ठरलेलं होतं की घेतानाच खराब घेतली.

पण पोरीच्या खेळापुढे तिची पक्कड कधी चालली नव्हती. दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा रामप्रसाद पत्र्याच्या पेटीत भांडीकुंडी भरून ऊसतोडीला जायचे, आणि खो-खोचे सामने नेमके त्याच दिवसांत यायचे. निता मागे तांड्यावर राहायची, शिलाच्या घरी जेवायची, शिलाच्याच अंथरुणात झोपायची. सामना हिंगोलीला असला की तांड्याचे नाईक किसनसिंग तिला स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून नेत आणि उन्हात थांबून परत आणत. पोरगी तालुक्याला जिंकली, जिल्ह्याला जिंकली, राज्याच्या संघात गेली. प्रत्येक वेळी चंदाबाई कुठल्या तरी फडात कोयता चालवत असायची आणि कोणीतरी फोन घेऊन बांधावरून ओरडायचं, "तुमची निता जिंकली!" आनंद व्हायचा, नाही असं नाही. पण सगळ्या जगाने जेवून झाल्यावर आपल्या ताटात वाढावं, तसा तो आनंद यायचा. आपल्या लेकीला खेळताना तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

यंदा विहिरीला पाणी टिकलं, हळद चांगली आली, आणि दोघं पहिल्यांदाच घरी राहिले. निता राष्ट्रीय स्पर्धेत खेळणार आणि सामने थेट दिसणार हे कळल्यावर पुण्यात नोकरीला असलेल्या दिपकने, तिच्या थोरल्याने, टीव्हीला लावायची एक डबी पाठवली. रामप्रसादने डोंगरकड्याच्या केबलवाल्याकडून वायफाय घेतलं. सगळं जमून आलं होतं, आणि ऐन वेळी पोरगी हवेत अडकली.

"उद्या फायनल हाय," चंदाबाईने दिपकला फोनवर सुनावलं. "उद्या बी अशीच लटकली तर तुझी डबी उकिरड्यावर टाकीन."

"याडी, डबी चांगली हाय," दिपक आईला म्हणाला. "बंद करून परत चालू कर. अन् वायफायची मशीन कुठं ठेवली ते सांग आधी."

मशीन कुठे ठेवली हे रामप्रसादला विचारावं लागलं. त्याने मोठ्या अभिमानाने ऊसतोडीची पत्र्याची पेटी दाखवली. शेजारच्या अंगणात हळद घोळायचं यंत्र चालू होतं, पिवळी धूळ घरभर उडत होती, म्हणून त्याने मशीन पेटीत ठेवून वर झाकण लावलं होतं. वायर तेवढी कोपऱ्यातल्या भोकातून आत घेतली होती.

"कुलूप बी लावलं का?" चंदाबाईने विचारलं.

"लावणार व्हतो. किल्ली सापडंना."

दिपक पलीकडे इतका हसला की फोनच कट झाला. पुन्हा लागला तेव्हा त्याने सांगितलं की पत्रा वायफायच्या लहरी अडवतो, मशीन उंच आणि मोकळी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच चंदाबाईने ती काढून फडताळावर मांडली. डबीला हात लावून पाहिला तर टीव्हीच्या पाठीला चिकटून ती तव्यासारखी तापलेली. तिने ती सुटी करून वाऱ्यावर ठेवली आणि टीव्हीतून दिलेली वीज काढून डबीचा स्वतःचा चार्जर भिंतीच्या बोर्डात खोचला. मग एक बातम्यांचं चॅनल लावून भाकरी थापता थापता डोळा ठेवून बसली. माणूस बोलत राहिला, एकदाही अडकला नाही. दुपारपर्यंत तिने शिलाला, नाईकांना आणि दळण घेऊन निघालेल्या दोन बायांना आपली करामत सांगून टाकली होती.

संध्याकाळी सामना लागला. पोरी ओळीने मैदानात आल्या, निताने कॅमेऱ्याकडे पाहून नाक खाजवलं आणि चक्री फिरायला लागली.

आता मात्र चंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने डबी बंद केली, चालू केली. पोरी दिसल्या, पळाल्या, पुन्हा थिजल्या. "सकाळी तर बराबर चालून राहिली व्हती," ती दिपकवर ओरडली. "आत्ताच काहून?"

"याडी, तुझ्या वायफायवर अजून कोणी हाय का?"

"कोण राहणार? आमी दोघंच."

एवढं बोलून ती चिडून ओट्यावर आली आणि जागेवरच थांबली. तिच्या घराच्या भिंतीला टेकून अख्खा तांडा बसला होता. शिला, शिलाची सासू, नाईक, हळदीच्या यंत्रावरची माणसं, हात पिवळे तसेच, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. प्रत्येक मोबाइलवर चंदाबाईचीच निता, कुणाकडे उभी, कुणाकडे वाकलेली, आणि बहुतेकांकडे तीच चक्री. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर गेरूने लिहिलेलं होतं, "सुस्वागतम", आणि त्याखाली तितक्याच ठळक अक्षरात वायफायचा पासवर्ड.

तो रामप्रसादने लिहिला होता. तांड्यावर विहिरीवरचं पाणी आणि चुलीतला विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. वायफाय आल्यावर जो तो विचारायला येऊ लागला. सारखं उठून सांगण्याचा त्याला कंटाळा आला, तेव्हा तो गेरू घेऊन शिडीवर चढला. चंदाबाईनेच खालून सांगितलं होतं, अक्षर मोठं काढा.

"याडी, ऐक," फोनवर दिपक घाई करत होता. "पासवर्ड बदल. मी सांगतो तसं कर, सगळे आपोआप बाहेर जातील. मग तुझं चित्र पाण्यावानी चालंल."

रामप्रसादने मान डोलावली. "बदल. नंतर परत देऊ की."

चंदाबाईने भिंतीकडे पाहिलं. शिलाच्या सासूला मोबाइलमध्ये काही दिसत नव्हतं, तरी ती शिलाच्या खांद्यावर डोकं टेकून पडद्याकडे बघत होती. निताला ताप आला तेव्हा हिनेच तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या आणि चंदाबाईला ते चार दिवसांनी फोनवर कळलं होतं. या माणसांनी पोरीला खेळताना पाहिलं होतं, आपण नाही. आणि आज आपल्याला दिसावं म्हणून त्यांना बाहेर काढायचं? तिला स्वतःचाच राग आला.

"न्हाई बदलणार," ती फोनमध्ये म्हणाली आणि तसाच तो कमरेला खोचला. मग तिने असा आवाज लावला की यंत्रावरच्या माणसांनी बसल्या जागी पाठी ताठ केल्या. "मोबाइल बंद करा सगळे! एकूण एक! चला, टीव्ही बाहेर घ्यायचाय, हात लावा!"

"बंद कर म्हणती?" नाईकांना ते पटेना. "अगं, सामना चालू हाय."

"नाईक, पाइप एक अन् नळ पन्नास. कोणाच्याच घागरीत पाणी पडंना. एकच नळ ठेवू, सगळे मिळून पिऊ."

नाईकांनी मोबाइल बंद करून खिशात घातला. मग बाकीच्यांना विचारायचं काही उरलंच नाही. टीव्ही अंगणात बाजेवर आला, मागे पत्र्याची पेटी उभी करून त्याला टेकू दिला. इतकी वर्षं पोरीपासून लांब नेणारी ती पेटी आज तरी कामाला आली. बोर्डाची वायर खिडकीतून ओढली, मशीन खिडकीत ठेवली. चित्र आलं आणि चाललं. शेवटचा डाव होता, गुण बरोबरीत होते, मिनिटंच उरली होती.

आणि चित्राने पुन्हा एक आचका दिला.

चंदाबाई सावकाश मागे वळली. सगळ्यांचे हात रिकामे होते. फक्त रामप्रसाद सर्वांच्या मागे उभा राहून मोबाइल टीव्हीकडे धरून होता. वसमतच्या मेव्हण्याला व्हिडिओ कॉलवर सामना दाखवणं चालू होतं.

"तुमी!" चंदाबाई म्हणाली. यापुढे ती जे म्हणाली ते मेव्हण्याने ऐकलं आणि स्वतःहूनच फोन ठेवला.

आता चित्र वाहतं झालं. "खो!" निता उठली. समोरची पोरगी खांबाजवळ घुटमळली, इकडे झुकली, तिकडे झुकली. निताने एक हात खांबाला घातला आणि अंग झोकून दिलं. तोच हात, तेच ताणलेलं अंग, तीच वीतभर जागा. नकोच आता, बाई, थांबू नकोस, चंदाबाई मोठ्याने म्हणाली, आणि ते टीव्हीला म्हणाली की लेकीला, हे कुणी विचारलं नाही.

निता थांबली नाही. बोटं पळणारीच्या पाठीला लागली, ती धाडकन खाली आली, घसरत गेली, कोपरावर उलटली आणि हात वर करून उभी राहिली. शिट्टी वाजली. अंगणात असा गलका उठला की गोठ्यातली जनावरं दावी ताणू लागली. नाईक शिट्टी मारत होते, शिलाची सासू रडत होती. रामप्रसाद नाचत होता, पण जरा लांबूनच. चंदाबाई मात्र हलली नाही. पोरीने कपाळावरचा घाम पुसला, वेणी मागे टाकली, मैत्रिणीच्या पाठीत गुद्दा घातला, ते सगळं तिने डोळे भरून पाहिलं.

बऱ्याच वेळाने कमरेचा फोन वाजला. मैदानावरच्या गोंगाटातून निता ओरडत होती, "याडी! याडी, आमी जिंकलो!"

"मला काहून सांगून राहिली?" चंदाबाई म्हणाली, आणि तिचं हसू काही आवरेना. "मी पाहून राहिले व्हते. तुझं डावं कोपर फुटलंय. हळद लाव आधी."